सुपरकपॅसिटरसाठी कोणतं ऑक्साइड घ्यावं? रुथेनियम, मँगनीज, निकेल-कोबाल्ट आणि लोह शेजारी-शेजारी

"सुपरकपॅसिटर करायचाय, कोणतं ऑक्साइड घेऊ?" महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या विभागांत दर वर्षी कुणीतरी नव्याने हे विचारत असतं. सुपरकपॅसिटर म्हणजे वीज काही सेकंदांत साठवून तितक्याच झटपट परत देणारा घटक. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक यादी असते. पेपर चाळून उतरवलेले कपॅसिटन्सचे, म्हणजे एका व्होल्टला ग्रॅममागे किती विद्युतभार साठतो याचे, आकडे (फॅरड प्रति ग्रॅम): रुथेनियम ऑक्साइड सातशे, निकेल-कोबाल्ट चौदाशे, कोबाल्ट ऑक्साइडची सैद्धांतिक मर्यादा तर साडेतीन हजारांच्या पुढे. तळाशी बिचारा सक्रिय कार्बन, शंभरावर अडकलेला. मग सगळ्यात मोठा आकडा दिसेल त्याचे क्षार मागवले जातात, आणि दोन वर्षांनी व्हायवात परीक्षक विचारतात, "याचा सेल केलात का?" तिथे, म्हणजे दोन इलेक्ट्रोडचा पूर्ण कपॅसिटर दाखवायची वेळ येते तिथे, गाडी अडते.

आपल्याकडे हा विषय इतका रुजला त्याला कारण आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने रासायनिक पद्धतीने पातळ थर वाढवण्याचं मोठं काम उभं केलं. रासायनिक स्नान, सिलार (आळीपाळीने वेगवेगळ्या द्रावणांत बुडवणं), विद्युत-निक्षेपण (विजेने थर बसवणं) या पद्धतींना निर्वात यंत्रं लागत नाहीत. बीकर, हॉटप्लेट, भट्टी आणि एक पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र) एवढ्यावर काम सुरू होतं. धातूंची ऑक्साइडं या पद्धतींना फार छान मानवतात. पण थर सहज बसतो म्हणून तो सेलमध्येही कामाचा ठरेल, असं नाही. ही तुलना त्या दोन गोष्टींमधलं अंतर मोजण्यासाठी.

आधी थोडा हिशेब

साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. वर्ग व्होल्टेजचा होतो, कपॅसिटन्सचा नाही. यादीत मात्र सगळे कपॅसिटन्स लिहितात, व्होल्टेज कुणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट. पेपरातला फॅरड प्रति ग्रॅमचा आकडा बहुतेक वेळा तीन-इलेक्ट्रोड मांडणीतला, म्हणजे एका इलेक्ट्रोडचा असतो. सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड एकापाठोपाठ येतात. कपॅसिटन्स निम्मी होते, वजन दुप्पट होतं. दोन्ही इलेक्ट्रोड सारखे असतील तर सेलचा आकडा सरळ चौथा हिस्सा उरतो. चारशेचा पदार्थ सेलमध्ये शंभराचा होतो, आणि यात कुणाचीच चूक नसते.

हे धरून चार जोड्या मांडल्या. इलेक्ट्रोडचे आकडे मी मुद्दाम मध्यम, रोजच्या कामात येणारे घेतलेत. ऊर्जा फक्त सक्रिय पदार्थाच्या वजनावर काढली आहे.

| जोडी | इलेक्ट्रोड (फॅरड/ग्रॅम) | सेलचं व्होल्टेज | ऊर्जा (वॉट-तास/किलो) |
|---|---|---|---|
| रुथेनियम–रुथेनियम, सल्फ्युरिक आम्ल | ७०० | १.० | २४ |
| मँगनीज–मँगनीज, सोडियम सल्फेट | २०० | ०.९ | ५.६ |
| मँगनीज–कार्बन, सोडियम सल्फेट | २०० आणि १०० | १.९ | १७ |
| कार्बन–कार्बन, सेंद्रिय द्रावण | १०० | २.७ | २५ |

पहिली आणि शेवटची ओळ पुन्हा पाहा. सातशेवाला आणि शंभरवाला एकाच पायरीवर आहेत, कारण पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटला पाणी फुटण्याची मर्यादा आहे, सेंद्रिय द्रावणाला ती नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत पदार्थ तोच, द्रावण तेच. फक्त समोरचा इलेक्ट्रोड बदलला आणि ऊर्जा तिप्पट झाली.

प्रत्यक्ष विकत मिळणाऱ्या सेलमध्ये हे आकडे आणखी उतरतात. ३००० फॅरड, २.७ व्होल्टचा कार्बनचा सेल सुमारे ३ वॉट-तास साठवतो आणि त्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं. म्हणजे किलोमागे सहाएक वॉट-तास. बाकीचं वजन ॲल्युमिनियमचा पत्रा, विभाजक, द्रावण आणि डब्याचं. लिथियम-आयन सेल किलोमागे दीडशे ते अडीचशे वॉट-तास देतो, तेव्हा सुपरकपॅसिटरने त्याच्याशी ऊर्जेत स्पर्धा करायची नसते. त्याचं बळ काही सेकंदांत भरण्या-रिकामं होण्यात आणि लाखो फेऱ्या टिकण्यात आहे. ऑक्साइड निवडताना हे दोन गुण गमावले, तर मग सरळ बॅटरीच का नको, असं विचारायला कुणीही मोकळं आहे.

रुथेनियम: वर्गातला पहिला, पण परवडत नाही

सगळी गोष्ट इथून सुरू झाली. १९७१ मध्ये त्रासात्ती आणि बुझान्का यांनी रुथेनियम ऑक्साइडच्या थराचा सीव्ही आलेख (व्होल्टेज वरखाली फिरवत मोजलेला प्रवाह) जवळजवळ आयताकृती येतो हे दाखवलं. धातूचं ऑक्साइड, रासायनिक अभिक्रिया होतेय, तरी वागणं कपॅसिटरसारखं. पुढे कॉनवे यांनी या वागण्याची, म्हणजे सूडोकपॅसिटन्सची, नीट मांडणी केली. १९९५ मध्ये झेंग आणि सहकाऱ्यांनी पाणी धरून ठेवलेल्या अस्फटिक रुथेनियम ऑक्साइडमधून ७२० फॅरड प्रति ग्रॅम काढले.

यात 'पाणी धरून ठेवलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. ऑक्साइडचे कण इलेक्ट्रॉन वाहून नेतात, मधलं पाणी प्रोटॉन वाहून नेतं. दोन्ही वाटा एकाच पदार्थात उघड्या आहेत. भट्टी जास्त तापवली की पाणी निघून जातं, पदार्थ स्फटिकी होतो आणि कपॅसिटन्स कोसळते. म्हणून तापवणं दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपास थांबवतात.

वाहकता धातूसारखी, आलेख देखणा, फेऱ्या भरपूर. अडचण फक्त एक, पण ती पुरेशी आहे. रुथेनियम प्लॅटिनमच्या कुटुंबातला, प्लॅटिनमच्या खाणकामातून जोडीने निघणारा धातू, आणि त्याचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेतून येतो. उद्योगात तो टँटलमच्या हायब्रिड कपॅसिटरमध्ये दिसतो, जिथे संरक्षण किंवा विमानांच्या कामाला पैशाची पर्वा नसते. चिपवरच्या सूक्ष्म कपॅसिटरसाठीही तो चालेल, कारण तिथे लागतातच मायक्रोग्रॅम. बाकी कुणी "स्वस्त ऊर्जासाठवण" असं प्रस्तावात लिहून खाली रुथेनियम क्लोराइडची किंमत जोडत असेल, तर त्याचा प्रस्ताव मी वाचणार नाही. संदर्भ म्हणून एक सॅम्पल करून ठेवा, आपला पोटेन्शिओस्टॅट आणि हात दोन्ही नीट आहेत हे कळतं.

मँगनीज: आकडा लहान, पण जमिनीवरचा

१९९९ मध्ये ली आणि गुडइनफ यांनी पोटॅशियम क्लोराइडच्या साध्या द्रावणात अस्फटिक मँगनीज डायऑक्साइडमधून सुमारे २०० फॅरड प्रति ग्रॅम दाखवले. हेच ते जॉन गुडइनफ, ज्यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीसाठी नोबेल मिळालं. आम्ल नाही, अल्कली नाही, मिठासारखा क्षार आणि पाणी. तेव्हापासून मँगनीज हा रुथेनियमचा गरीब भाऊ म्हणून ओळखला जातो, आणि मला वाटतं की हे थोडं अन्यायाचं आहे.

कागदावरची मर्यादा आधी काढू. रेणुभार ८७, एका रेणूमागे एक इलेक्ट्रॉन, म्हणजे सुमारे १११० कूलोम प्रति ग्रॅम. ०.९ व्होल्टच्या खिडकीवर, म्हणजे काम चालतं त्या व्होल्टेजच्या पट्ट्यावर, भागलं की १२३० फॅरड. मग हातात दोनशेच का येतात? उत्तर २००४ मध्ये तूपँ, ब्रूस आणि बेलांजे यांच्या कामातून स्पष्ट झालं. अगदी पातळ थरात जवळजवळ सगळं मँगनीज ऑक्सिडेशन अवस्था ४ वरून ३ वर जातं-येतं. थर जाड झाला की फक्त वरचा पापुद्रा काम करतो, आतला माल नुसता बसून असतो. मँगनीज डायऑक्साइडची वाहकता दर सेंटिमीटरला १०⁻⁵ ते १०⁻⁶ सीमेन्स, म्हणजे इलेक्ट्रॉन आत पोचतच नाही.

नॅनो करायचं ते यासाठी. आयनाला आत शिरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानुसार वाढतो. कण दसपट लहान केला तर वेळ शंभरपट कमी. पण नुसता नॅनो भुकटी करून भागत नाही. भुकटीतल्या कणाकणांमधून इलेक्ट्रॉनला वाट हवी, आणि ती कार्बनच देतो.

इथे मँगनीजची एक खुबी आहे, जी मला बाकी कुठल्याच ऑक्साइडमध्ये इतकी सोपी दिसत नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या पातळ द्रावणात कार्बनचं कापड किंवा सक्रिय कार्बन टाकून सत्तर-ऐंशी अंशांवर ठेवा. कार्बन स्वतःच थोडासा जळतो आणि परमँगनेटचं रूपांतर मँगनीज डायऑक्साइडमध्ये होतं, तेही नेमकं कार्बनच्या पृष्ठभागावर. द्रावणाचा गडद जांभळा रंग हळूहळू फिका पडतो, कापडावर तपकिरी झाक चढते. रंग पूर्ण उतरला की परमँगनेट संपलं. थर जाड होत गेला की कार्बन झाकला जातो आणि अभिक्रिया आपोआप मंदावते, म्हणजे थर पातळच राहतो. ना बाइंडर (भुकटी चिकटवणारा पदार्थ), ना महागडं यंत्र. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे आठवड्यात जमतं.

स्फटिकरूपाकडे मात्र लक्ष द्या. मँगनीज डायऑक्साइडची अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, लॅम्डा अशी अनेक रूपं आहेत. अल्फात साडेचार अँगस्ट्रॉमचे रुंद बोगदे, डेल्टात सात अँगस्ट्रॉम अंतराचे थर, बीटात दोन अँगस्ट्रॉमहून अरुंद फटी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात अल्फा आणि डेल्टा सगळ्यांत वर राहिले, बीटा सगळ्यांत खाली. एक्सआरडीत (स्फटिकरचना दाखवणाऱ्या क्ष-किरण आलेखात) बीटाची तीक्ष्ण शिखरं पाहून "स्फटिकता छान आली" म्हणून खूष होऊ नका. भट्टीही फार ताणू नका, दोनशेच्या आसपास थांबलेलं बरं. इथेही अडकलेलं पाणी कामाचं असतं.

आता वजनाचा मुद्दा. तो सगळ्याच ऑक्साइडना लागू आहे, पण मँगनीजमध्ये तो सगळ्यांत जास्त टोचतो. एक चौरस सेंटिमीटरवर अर्धा मिलिग्रॅम माल बसवून १००० फॅरड प्रति ग्रॅम आले, तर इलेक्ट्रोडवर प्रत्यक्षात अर्धा फॅरड आहे. शेजारच्याने दहा मिलिग्रॅम बसवून १५० आणले, त्याच्याकडे दीड फॅरड आहे. पेपर पहिल्याचा छापून येतो, कपॅसिटर दुसऱ्याचा होतो. चार माणसांच्या आमटीचं माप पंगतीला लावून चालत नाही, तसंच हे. शिवाय तीन दशांश मिलिग्रॅम माल मोजताना तराजू अर्धा दशांश इकडेतिकडे झाला तरी आकडा सतरा टक्क्यांनी हलतो. व्यापारी इलेक्ट्रोडवर चौरस सेंटिमीटरला दहाएक मिलिग्रॅम असतात. तुम्ही निदान पाचापर्यंत पोचा, आणि आकडा कितीही खाली आला तरी तोच लिहा.

टिकण्याच्या बाबतीत मँगनीज रुथेनियमच्या मागे आहे. तीनवर आलेलं मँगनीज दोन आणि चारमध्ये तुटतं, आणि दोनवालं पाण्यात विरघळून जातं. व्होल्टेजची खालची मर्यादा ओलांडली की हे वाढतं. म्हणून काही हजार फेऱ्यांत थोडी घट दिसते. सीव्हीची खिडकी ० ते ०.९ अशीच ठेवा, हव्यासापोटी खाली ताणू नका.

मालाच्या उपलब्धतेत मँगनीज आपल्या घरचंच आहे. नागपूर-भंडारा पट्ट्यात मॉयल या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्गची खाण मँगनीज डायऑक्साइडच्या खनिजासाठी ओळखली जाते आणि तिथे विद्युत-अपघटनी मँगनीज डायऑक्साइडही तयार होतं. तो माल ड्राय सेलच्या उद्योगासाठी असतो, नॅनो नसतो, तसाच उचलून सुपरकपॅसिटरमध्ये घालता येणार नाही. पण "उद्या मोठ्या प्रमाणावर करायचं झालं तर धातू कुठून आणणार?" या प्रश्नाला मँगनीजवाला न अडखळता उत्तर देऊ शकतो. कोबाल्टवाल्याला ते जमणार नाही.

निकेल आणि कोबाल्ट: मोठे आकडे, आणि त्यांच्यामागची लबाडी

निकेल ऑक्साइड, कोबाल्ट ऑक्साइड आणि दोघांचं मिश्रण असलेलं निकेल कोबाल्टाइट हे गेल्या पंधरा वर्षांतले सगळ्यांचे लाडके. कारण उघड आहे, आकडे. मिश्र ऑक्साइडची वाहकता सुट्या दोघांपेक्षा निदान शंभरपट चांगली, निकेल आणि कोबाल्ट दोघेही अभिक्रियेत भाग घेतात, आणि हायड्रोथर्मलमध्ये (ऑटोक्लेव्ह या बंद भांड्यात, दाबाखाली तापवून) युरिया टाकून रात्रभर ठेवलं की निकेल फोमवर (निकेलच्या सच्छिद्र पत्र्यावर) सुयांची सुंदर जंगलं उगवतात. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो मुखपृष्ठावर छापावेत असे.

आता जीसीडीचा (स्थिर प्रवाहाने भरण्या-रिकामं करण्याचा) आलेख काढून समोर ठेवा. कपॅसिटरचा आलेख त्रिकोणी असतो, व्होल्टेज सरळ रेषेत उतरतं. निकेल-कोबाल्टचा आलेख मध्येच आडवा होतो, बराच वेळ सपाट जातो आणि मग कोसळतो. हे बॅटरीचं वागणं आहे. सीव्हीतली दोन ठळक शिखरंही तेच सांगतात. अशा आलेखावर फॅरडचं सूत्र लावणं म्हणजे वाकड्या रेषेचा एकच उतार सांगणं. सिमोन, गोगोत्सी आणि डन यांनी २०१४ मध्ये, आणि ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी २०१५ मध्ये हे अगदी स्पष्ट लिहिलं: असे पदार्थ कूलोम किंवा मिलिअँपिअर-तासात सांगा. त्यानंतरही फॅरडमधले पेपर येत राहिलेच.

तुमच्या यादीतला आकडा असा तपासा. कुणी ०.४५ व्होल्टच्या खिडकीत १५०० फॅरड प्रति ग्रॅम लिहिलेत. गुणाकार करा, ६७५ कूलोम. ३.६ ने भागा, सुमारे १८८ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम. चांगला आकडा आहे, पण बॅटरीच्या इलेक्ट्रोडला तो चांगला आहे, चमत्कार नाही. पुढे निकेल ऑक्साइड घ्या. रेणुभार ७४.७, एक इलेक्ट्रॉन धरला तर सुमारे १२९० कूलोम प्रति ग्रॅम, अर्ध्या व्होल्टवर २५८० फॅरड. पेपरांत फिरणारा २५८४ हा आकडा इथूनच येतो. आता कुणी निकेल ऑक्साइडचे तीन हजार लिहिले, तर रेणूंपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन आले कुठून?

बहुतेक वेळा निकेल फोममधून. फोम स्वतः निकेलचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवलेला. त्याच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं आणि तेही तीच अभिक्रिया करतं, त्याच व्होल्टेजला. फोमवर तुमचा माल एक मिलिग्रॅम असेल आणि फोमचा पृष्ठभाग भलामोठा, तर भार फोमचा आणि भागाकार तुमच्या मिलिग्रॅमने. ऑटोक्लेव्ह आणि भट्टीतून गेलेला फोम तर आणखी ऑक्सिडाइझ होतो. म्हणून कोरा फोम नुसता धुऊन मोजणं पुरेसं नाही. निकेल-कोबाल्टचे क्षार न घालता, बाकी सगळं तसंच करून, त्याच तापमानाला तेवढाच वेळ ठेवलेल्या फोमचा सीव्ही काढा. तो आलेख पुरवणी माहितीत न टाकता मुख्य आकृतीत टाका. हे करणारे फार थोडे, आणि त्यांचे पेपर मी डोळे झाकून विश्वासाने वाचतो.

याचा अर्थ निकेल-कोबाल्ट टाकाऊ, असं नाही. कार्बनच्या ऋण इलेक्ट्रोडसमोर ठेवलं की चांगला हायब्रिड होतो. निकेल-कोबाल्टचे ५०० कूलोम प्रति ग्रॅम, कार्बनचे अल्कलीत २०० फॅरड प्रति ग्रॅम आणि एक व्होल्टची खिडकी धरली, तर एक ग्रॅम कार्बनला ०.४ ग्रॅम निकेल-कोबाल्ट पुरतं. सेलचं सरासरी व्होल्टेज ०.८५ च्या आसपास येतं आणि ऊर्जा किलोमागे तीस वॉट-तासांच्या थोडी वर, सक्रिय वजनावर. तक्त्यातल्या सगळ्यांपेक्षा जास्त. रशियातल्या एस्मा कंपनीने निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड आणि कार्बन यांचे असेच मोठे हायब्रिड कपॅसिटर वाहनांसाठी बनवले होते, तेव्हा कल्पना हवेतली नाही. फक्त प्रबंधाच्या शीर्षकात 'हायब्रिड' लिहा आणि वेग व फेऱ्या बॅटरीच्या बाजूला झुकतील हे आधीच मान्य करा.

दोन गोष्टी आणखी. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं, भाव वरखाली होत राहतात. आणि निकेलची संयुगं मानवात कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत. हातमोजे न घालता निकेल नायट्रेट तोलणारी मुलं मी पाहिलेली आहेत, म्हणून हे लिहितोय. गाळलेलं हिरवं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नसतं.

लोह: दुसऱ्या बाजूचा भिडू

आतापर्यंतची ऑक्साइडं मुख्यतः धन बाजूची. ऋण बाजूला काम करणारी मोजकीच, त्यात लोह सगळ्यांत स्वस्त. हेमाटाइट हे लोहाचं ऑक्साइड पाण्यातल्या द्रावणात शून्याच्या खाली साधारण ०.८ व्होल्टपर्यंत काम करतं, म्हणजे मँगनीजच्या खिडकीला खालून नेमकं जोडलं जातं. लोह आणि मँगनीज, दोन्ही स्वस्त, दोन्ही फारसे विषारी नाहीत, कल्पना मोहक आहे.

पण हेमाटाइटची वाहकता जवळजवळ विद्युतरोधकाची, दर सेंटिमीटरला १०⁻¹⁴ सीमेन्सच्या आसपास. मॅग्नेटाइट हे लोहाचं दुसरं ऑक्साइड त्या मानाने कितीतरी बरं. फेऱ्यांत दोघेही लवकर थकतात. माझी अट सरळ आहे: त्याच जागी, तेवढ्याच वजनाचा नारळाच्या करवंटीचा सक्रिय कार्बन लावून बघा. लोहाने दहा हजार फेऱ्यांनंतरही त्याला मागे टाकलं तर घ्या. एरवी कार्बनच ठेवा, तो बहुधा जिंकेल.

बाकीचे, थोडक्यात

व्हॅनेडियम पेंटॉक्साइडला आकडा चांगला येतो, पण पाण्यात तो विरघळतो. फेऱ्या चालू असताना सेलमधलं द्रावण पिवळसर व्हायला लागलं की समजायचं. वर विषारी. टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड तुमच्या प्रयोगशाळेत सौरघटाच्या किंवा सेन्सरच्या कामातून उरलेले असतील म्हणून सुपरकपॅसिटरमध्ये ओढू नका, एकटे असताना त्यांचा आकडा फार लहान येतो.

नायोबियम पेंटॉक्साइड मात्र वेगळ्या रांगेतलं. २०१३ मध्ये ब्रूस डन यांच्या गटाने दाखवलं की त्याच्या एका विशिष्ट स्फटिकरूपात लिथियम आयन आतल्या थरांत जातात-येतात, तरीही वेग कपॅसिटरसारखा, अगदी मिनिटभरात चार्ज-डिस्चार्ज झालं तरी. इथे पृष्ठभागच नव्हे तर पूर्ण कण कामाला लागतो, त्यामुळे मँगनीजचा जाड थराचा आजार त्याला कमी जडतो. अट एकच, ग्लोव्हबॉक्स (आर्गन भरलेली बंद पेटी) आणि कोरडं सेंद्रिय द्रावण. ज्या प्रयोगशाळेत आर्गनचा सिलिंडर महिना-महिना भरून येत नाही, तिथे हा विषय घेऊ नका.

मग घ्यायचं काय

सहा महिन्यांचा एम.एस्सी. प्रकल्प असेल तर कार्बनच्या कापडावर मँगनीज, सोडियम सल्फेटचं द्रावण, समोर सक्रिय कार्बन. सेल करा, खरं तर सेलच करा, तीन-इलेक्ट्रोडचे आकडे त्याला पूरक म्हणून ठेवा. वजनांचं गुणोत्तर मोजून घ्या: दोन्ही बाजूंचा विद्युतभार सारखा हवा. मँगनीज २०० फॅरड आणि ०.९ व्होल्ट, म्हणजे १८० कूलोम प्रति ग्रॅम. कार्बन १०० फॅरड आणि एक व्होल्ट, म्हणजे १०० कूलोम. तेव्हा एक ग्रॅम कार्बनला ०.५६ ग्रॅम मँगनीज. हे न करता दोन्ही बाजूंना सारखं वजन लावलं, तर एक बाजू आधी भरून खिडकीबाहेर जाते आणि सेल काही शे फेऱ्यांत मरतो. सोडियम सल्फेटचा आणखी एक फायदा, स्टेनलेस स्टीलची जाळी त्यात टिकते. आम्लात टिकत नाही.

पीएच.डी. असेल आणि गाइडचा कल निकेल-कोबाल्टकडे असेल तर घ्या, पण पहिल्याच दिवसापासून कूलोममध्ये लिहा आणि कोऱ्या फोमचा आलेख फाइलमध्ये लावा. नुसती नवी आकारचित्रं, म्हणजे फुलं, सुया, समुद्री अर्चिन, यांच्यावर आता प्रबंध उभा राहत नाही. जाड इलेक्ट्रोड, घनफळावरचा आकडा आणि पन्नास हजार फेऱ्या यांवर राहतो. घनफळाचं मुद्दाम सांगतो, कारण ऑक्साइडचं खरं बळ तिथे आहे. कार्बनच्या इलेक्ट्रोडची घनता दर घनसेंटिमीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते, ऑक्साइडचा इलेक्ट्रोड त्याच जागेत कितीतरी जास्त माल बसवतो. जागा अडचणीची असेल, मनगटावरच्या किंवा सेन्सरच्या उपकरणात, तिथे ऑक्साइडवाल्याने ठामपणे उभं राहावं.

ग्लोव्हबॉक्स असेल तर नायोबियम. रुथेनियम फक्त सूक्ष्म उपकरणांसाठी किंवा संदर्भासाठी. लोह मँगनीजच्या समोर ठेवून बघायला, कार्बनशी तुलना करूनच.

आणि तुम्हाला संशोधन नकोच असेल, एखाद्या सर्किटला काही सेकंदांचा बॅकअप हवा असेल, तर यातलं काहीच घेऊ नका. बाजारातले जवळजवळ सगळे सुपरकपॅसिटर कार्बनचेच आहेत, आणि केरळमध्ये कन्नूरला केल्ट्रॉनने इस्रोच्या तंत्रज्ञानावर २०२४ मध्ये त्यांचं उत्पादनही सुरू केलं आहे. ५ व्होल्टच्या सर्किटला २.७ व्होल्टचे दोन सेल एकापाठोपाठ लागतील. दोन्हींवर एकेक समतोल रेझिस्टर लावायला विसरू नका, नाहीतर एकावर तीन व्होल्ट चढतात आणि तो फुगतो.